प्रवासातून घर सजवायला शिकताना: फोटो कमी, मापं जास्त

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या फ्लॅटचा ताबा मिळाला, तेव्हा माझ्या फोनमध्ये हॉटेलांचे आणि होमस्टेंचे दोनशेच्या वर फोटो होते. त्यातला सगळ्यात लाडका फोटो उदयपूरच्या एका हवेलीतला. खिडकीच्या कोनाड्यात बसवलेली बैठक, दोन लोड, खाली तलाव. सुतारकाकांना तो दाखवला. त्यांनी फोन हातात घेऊन नीट पाहिला आणि विचारलं, "ताई, छान आहे. पण उंची किती? आत खोल किती? पाठ कुठे टेकते?" एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्या बैठकीवर मी दोन संध्याकाळी तासन्‌तास बसले होते, पण आणला होता फक्त फोटो.

तेव्हापासून प्रवासाला निघताना पर्समध्ये तीन मीटरची टेप आणि एक छोटी वही असते. नवीन घर घेतलेल्या आणि प्रवासातून कल्पना गोळा करू पाहणाऱ्या सगळ्यांना मी पहिली गोष्ट हीच सांगते: आवडलेल्या खोलीचं चित्र आणू नका, ती खोली का आवडली त्याचं कारण आणि माप आणा.

निघण्याआधी: घराच्या तक्रारी लिहून काढा

बॅग भरण्याआधी एक संध्याकाळ घरात बसा आणि कुठे काय अडतं ते लिहा. नवं घर अजून रिकामं असेल तर सध्याच्या घरातलं लिहा, सवयी त्याच असतात. आमची यादी अशी होती: चपलांचा ढीग दारात. आईला बेडवरून उठताना गुडघ्यावर हात टेकावा लागतो. पावसाळ्यात कपडे हॉलमध्ये वाळतात. देवघरासमोर मांडी घालून बसायला जागा नाही. रात्री पाणी प्यायला उठलं की दिवा लावावा लागतो आणि सगळे जागे होतात.

सोबत घराचा कागदावरचा नकाशा ठेवा. प्रत्येक खोलीची लांबी, रुंदी, खिडकीची दिशा आणि छताची उंची त्यावर असू द्या. मापं स्वतः टेपनं घ्या. बिल्डरच्या ब्रोशरमधल्या आकड्यांवर जाऊ नका, कारण रेरा, म्हणजे घरखरेदीच्या कायद्याच्या व्याख्येनुसार कार्पेट एरियात (घराच्या आतल्या क्षेत्रफळात) आतल्या भिंतींखालची जागाही धरली जाते. पलंग त्या जागेवर ठेवता येत नाही.

ही यादी खिशात असली की हॉटेलात नजर आपोआप कामाला लागते. तिथल्या लॉबीतलं झुंबर सुंदर असेलच, पण तुम्ही थांबाल ते दाराशी बूट ठेवायच्या बाकापाशी.

कुठे जायचं: जवळून सुरुवात करा

कल्पनांसाठी बाली किंवा ग्रीसला जायची गरज नाही. ठाणेकरांनी सुरुवात माथेरानपासून करावी असं मला मनापासून वाटतं. हे ठिकाण १८५० साली पुढे आणलं तेच मुळी ठाण्याच्या कलेक्टरनं, ह्यू मॅलेट यांनी. तिथे मोटारींना बंदी आहे आणि जुन्या बंगल्यांपैकी काहींमध्ये आज राहता येतं. त्यांचे खोल व्हरांडे नीट पाहा. जोराच्या सरीतही आतली खुर्ची कोरडी राहते, कारण छप्पर पुरेसं पुढे आलेलं असतं आणि बैठक भिंतीला धरून असते. आपल्या चार फुटांच्या बाल्कनीत खुर्ची कुठे ठेवायची, हे मला तिथे कळलं. कठड्याशी नाही, मागच्या भिंतीशी.

मग कोकण. गुहागर, मालवण, वेंगुर्ला भागात जुनी घरं होमस्टे म्हणून उघडी आहेत. जांभ्याच्या भिंती, नळ्याची किंवा मंगलोरी कौलं, ओटी, पडवी, मधलं थंडगार माजघर. ओटीवरच्या झोपाळ्याच्या फळीची जमिनीपासूनची उंची मोजा, आणि झोका घेताना पुढे-मागे किती जागा लागते तीसुद्धा. ठाण्यातल्या हॉलमध्ये हौसेनं टांगलेले झोपाळे पुढे कपडे टाकायच्या कामी येतात, कारण हे दुसरं माप कुणी घेतलेलंच नसतं. सावंतवाडीला थांबलात तर राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेले गोल पत्ते, आणि लाखकाम करणारे कारागीर पाहा. तिथली रंगसंगती, म्हणजे शेंदरी, पिवळा, हिरवा आणि काळ्या रेघा, एखाद्या ट्रेमध्ये किंवा देवघराच्या दारावर फार शोभते.

पुण्यात दुसऱ्या बाजीरावानं बांधलेला विश्रामबाग वाडा आहे, १८०७ सालचा. तिथल्या कोरीव लाकडी खांबांसाठी जाच. जवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुने दरवाजे, दिवे, अडकित्ते, पानपुडे आहेत. रोजच्या वापराची वस्तू किती प्रेमानं घडवता येते हे तिथे दिसतं. मला तर वाटतं, घराला हँडल आणि कड्या निवडण्याआधी प्रत्येकानं ती दालनं एकदा पाहावीत.

महागड्या हॉटेलात राहायलाच हवं असंही नाही. मुंबईचं ताजमहाल हॉटेल १९०३ साली सुरू झालं. तिथे एका दुपारी फक्त चहा प्यायला जा. खोलीच्या भाड्याच्या मानानं तो खर्च खूपच कमी. दोन तास बसा आणि एवढंच बघा: खुर्च्या खिडकीशी कशा वळवल्या आहेत, दोन टेबलांत किती अंतर आहे, एवढ्या माणसांत आवाज का घुमत नाही. जाड पडदे, गालिचे, कापडी खुर्च्या आवाज शोषतात. आपल्या हॉलमध्ये चकचकीत टाइल्स, काच आणि रिकाम्या भिंती असतात, म्हणून टीव्हीचा आवाज घुमतो. एक जाड सुती पडदा आणि कापडी सोफा घेतलात तरी फरक कळेल.

लांबच्या प्रवासात काय शोधायचं

आपल्यासारखं दमट हवामान असलेल्या जागांना मी पहिला मान देते. तिथल्या माणसांनी पावसाचा आणि उकाड्याचा प्रश्न आपल्याआधी सोडवलेला असतो.

श्रीलंकेत जेफ्री बावा या वास्तुकारानं बांधलेलं कंडलामाचं हॉटेल १९९४ साली सुरू झालं. डोंगराच्या कडेला, रानात. इमारतीवर वेली चढलेल्या आहेत, खडक थेट आत आलेला दिसतो आणि इमारत स्वतः मागे सरून बाहेरचं रान पुढे येऊ देते. हे ठाण्याला लागू पडतं. तुमच्या खिडकीतून येऊरचा डोंगर दिसत असेल तर त्या भिंतीवर दुसरं काहीही करू नका. वॉलपेपर नको, नक्षीचा पडदा नको, खिडकीपुढे उंच पाठीचा सोफा तर मुळीच नको. साधा पांढरा पातळ पडदा पुरे. आमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने ती खिडकी हेच घरातलं सगळ्यात मोठं चित्र असतं.

केरळात कुमरकोमच्या कोकोनट लगूनमध्ये जुनी लाकडी घरं सुटी करून, दुसरीकडून आणून पुन्हा उभी केली आहेत. जुनं लाकूड टाकायचं नसतं हा धडा तिथला. तुमच्या गावच्या घराचं दार निघालं असेल तर फक्त फळ्या आणू नका, चौकटीसकट आणा. आणण्याआधी वाळवी आणि भुंग्याची भोकं तपासा, पेस्ट कंट्रोल करून घ्या आणि मगच ते लिफ्टमधून वर न्या. लिफ्टची उंचीही आधी मोजा.

तमिळनाडूच्या चेट्टिनाड भागात जुने वाडे हॉटेलं झाले आहेत आणि त्यांच्या जमिनीवर आत्तंगुडी टाइल्स आहेत. त्या करताना पाहायला मिळाल्या तर सोडू नका. काचेवर धातूचा साचा ठेवून रंगीत सिमेंट ओततात, त्यावर कोरडं मिश्रण, मग सिमेंट-वाळूचा थर. भट्टीत न भाजता पाण्यात ठेवून पक्की करतात. चमक येते ती काचेच्या गुळगुळीत पाठीमुळे, आणि पुसून-पुसून ती वाढत जाते. घ्यायच्या असतील तर लक्षात ठेवा, या टाइल्स आपल्या व्हिट्रिफाइड टाइलपेक्षा जाड असतात. एकाच खोलीत बसवल्या तर तिथली जमीन वर येते आणि दार घासतं. आम्ही म्हणूनच फक्त देवघराच्या चौकोनात बसवल्या. तिथे जमीन थोडी उंच असलेली उलट चांगली.

राजस्थानात झरोके आणि दगडी जाळ्या आहेतच. जयपूरचा हवामहल १७९९ सालचा, ९५३ खिडक्यांचा. जाळीतून ऊन गाळून येतं, वारा येतो आणि बाहेरच्याला आतलं दिसत नाही. समोरासमोर टॉवर असलेल्या आपल्या वसाहतींत हा उपाय फार उपयोगी आहे. ड्राय बाल्कनीला लाकडी किंवा धातूची जाळी लावली तर वाळत घातलेले कपडे झाकले जातात आणि हवा खेळती राहते. मात्र त्यासाठी सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या. इमारतीचं बाहेरचं रूप बदललं की नोटीस येते.

जपानच्या रियोकानमध्ये, म्हणजे पारंपरिक सरायांमध्ये, दिवसा अंथरूण कपाटात जातं आणि खोली रिकामी होते. खोलीचं माप तिथे चटयांच्या संख्येत सांगतात आणि एक तातामी साधारण ९० बाय १८० सेंटिमीटरची असते. हे ऐकलं तेव्हा मला आजोळची चाळ आठवली. सकाळी वळकटी गुंडाळली की दहा बाय बाराची खोली सात जणांच्या जेवणाची होत असे. मुलांच्या छोट्या खोलीत दोन पलंग कोंबण्याआधी या जुन्या सवयीचा विचार जरूर करा.

खोलीत शिरल्यावर पहिली दहा मिनिटं

सामान उघडू नका. दारातून आत या आणि हात आपोआप कुठे गेला ते पाहा. किल्ली कुठे ठेवली? पर्स? चपला? चांगल्या खोलीत या प्रत्येक गोष्टीची जागा तिथेच असते जिथे हात जातो. मग वही काढा आणि एवढं मोजा:

- पलंगाची गादीसकट उंची. बसल्यावर तळवे जमिनीला सपाट टेकायला हवेत. हॉटेलचे पलंग बरेचदा उंच असतात. आईसाठी आम्हाला अठरा ते वीस इंच बरोबर पडलं.
- पलंग आणि भिंत यांमधली वाट. दोन फुटांच्या खाली गेली की चादर घालताना कोपर भिंतीला लागतं.
- उशाशी असलेल्या टेबलाची उंची. गादीच्या पातळीला असलं की झोपेत हात लांबवला तरी पाण्याचा पेला सापडतो.
- कपाट आत किती खोल आहे. हँगर आडवा राहायला सुमारे चोवीस इंच लागतात.

एक गोष्ट मोजायची नाही, अनुभवायची आहे. रात्री बाथरूमला उठा आणि मोठा दिवा लावू नका. पलंगाखाली किंवा पॅसेजच्या स्कर्टिंगला, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीला, बारीक उजेड असेल तर त्याची जागा लिहून ठेवा. आमच्या यादीतली शेवटची तक्रार अशा एका दिव्यानं संपली.

हाउसकीपिंगच्या माणसांशी बोला. ही खोली रोज पुसणाऱ्याला तिचे दोष आर्किटेक्टपेक्षा जास्त माहीत असतात. "ताई, हा काळा दगड घेऊ नका, पाण्याचे डाग जात नाहीत," हे मला एका सफाई करणाऱ्या मावशींनी सांगितलं आणि बाथरूमचा प्लॅटफॉर्म बदलला. फोटो काढताना दुसरे पाहुणे त्यात येऊ देऊ नका. दुसऱ्याच्या खोलीत किंवा स्वयंपाकघरात डोकवायचं असेल तर आधी विचारा. नीट विचारलं की माणसं कौतुकानं दाखवतात.

उजेडावर थोडं जास्त

हॉटेलची खोली घरापेक्षा निवांत का वाटते याचं सगळ्यात मोठं कारण माझ्या मते उजेड आहे, आणि सुदैवानं तीच गोष्ट सगळ्यात स्वस्तात घरी आणता येते. आपल्या घरात छताच्या मधोमध एक पांढरी ट्यूब असते. ती सगळ्यांच्या चेहऱ्यावर सारखी पडते. हॉटेलात छतावरचे दिवे थोडे, पण उशाशी एक, टेबलावर एक, खुर्चीमागे एक, आरशाशी एक असे खाली-खाली विखुरलेले असतात. जिथे माणूस बसतो तिथेच उजेड, बाकी खोली शांत.

बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, संध्याकाळचा. ४००० मधला. ६५०० म्हणजे निळसर पांढरा. बेडरूम आणि हॉलमध्ये ३००० ठेवा, ओट्यावर आणि अभ्यासाच्या टेबलावर ४०००. एकाच खोलीत तीन जातींचे बल्ब लावू नका, डोळ्याला ते लगेच खुपतं. रंग ओळखू येण्याचा सीआरआय नावाचा आकडाही पाहा. तो ९० किंवा वर असेल तर साडीचा खरा रंग कळतो आणि भाजीही ताजी दिसते.

उशाशी टू-वे स्विच हवाच. दारात लावलेला दिवा पलंगावरून बंद करता आला पाहिजे.

इथे ठाण्याच्या नव्या टॉवरमधली एक अडचण समजून घ्या. यांतल्या बऱ्याच इमारती मायवान पद्धतीनं बांधलेल्या आहेत. अॅल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब काँक्रीटमध्ये एकत्र ओततात. अशा भिंतीत वायरसाठी खाचा पाडता येत नाहीत, कारण त्या भिंतींवरच इमारत उभी असते. विटेच्या घरात राहून आलेल्यांना हे उशिरा कळतं. उपाय हॉटेलातच दिसतो: पलंगामागचं रुंद पॅनेल. ते शोभेसाठी असतंच, पण त्याच्या मागच्या पोकळीतून वायर फिरवून उशाचे दिवे, स्विच आणि चार्जिंग पॉइंट दिलेले असतात. आम्ही तेच केलं. भिंतीपासून दोन इंच पुढे प्लायचं पॅनेल घेतलं आणि एका बाजूला उघडता येणारी फळी ठेवली, पुढे दुरुस्ती निघाली तर.

काय आणायचं नाही

माझी एक चूक सांगते. एका हॉटेलची गडद राखाडी भिंत मला इतकी आवडली की बेडरूमला तोच रंग दिला. तिथे पूर्वेला भिंतभर खिडकी होती. आमच्या बेडरूमची एकुलती खिडकी शेजारच्या टॉवरकडे उघडते. खोली तळघरासारखी झाली आणि दिवाळीला पुन्हा रंग द्यावा लागला. आवडलेल्या रंगाखाली आता मी नेहमी लिहिते: खिडकी कोणत्या दिशेला, किती मोठी, मी ही भिंत किती वाजता पाहिली.

हॉटेलची उघडी कपाटं घरी आणू नका. पाहुण्याचे चार कपडे असतात, आपले चारशे, वर पैठण्या. काचेच्या भिंतीचं बाथरूम एकत्र कुटुंबात नको. खोलीभर अंथरलेला गालिचा ठाण्याच्या पावसात वास धरतो. पश्चिमेच्या, पाऊस झोडपणाऱ्या भिंतीवरचा वॉलपेपर दोन पावसाळ्यांत सुटतो. बाथटबची जागा आपल्या घरात वॉशिंग मशीनला लागते.

पांढऱ्या शंभर टक्के सुती चादरी मात्र जरूर आणा. हॉटेलं त्या वापरतात कारण डाग दिसतो, एकत्र गरम पाण्यात धुता येतात आणि जोड्या जुळवायच्या नसतात. ही तिन्ही कारणं घरातही खरी आहेत.

आणखी एक. हॉटेलात वारली चित्राची छापील फ्रेम दिसली म्हणून तशीच घेऊ नका. वारली आपल्याच भागातली. २०१४ पर्यंत डहाणू, जव्हार, तलासरी ठाणे जिल्ह्यातच होते. लग्नघरी गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं सुवासिनी चौक, म्हणजे चौकोनी चित्र, लिहितात, त्यात पालघट देवी असते. ही कला भिंतीवरून कागदावर आणून जगापुढे नेली ती जिव्या सोमा मशे यांनी. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. एक दिवस काढून त्या गावांकडे जा, चित्र काढणाऱ्यांकडूनच घ्या आणि त्यातल्या तारप्याच्या (फुंकून वाजवायच्या वाद्याच्या) नाचाबद्दल, झाडांबद्दल विचारा. मग ते चित्र घरात नुसतं टांगलेलं राहत नाही, पाहुण्यांना त्याच्याबद्दल सांगता येतं.

परत आल्यावर

आठवडाभर काही विकत घेऊ नका. वही उघडा आणि तक्रारींच्या यादीसमोर उपाय मांडा. ज्या तक्रारीसमोर काही नाही ती तशीच राहू द्या, पुढच्या प्रवासात मिळेल.

मग मास्किंग टेपनं जमिनीवर फर्निचर आखा. पलंग, बैठक, टेबल, कपाटाची दारं उघडल्यावर लागणारी जागा. घरातल्या सगळ्यांना त्या आखणीतून चालायला लावा. वयस्कर माणसांना आधी. बैठकीची उंची तपासायची असेल तर तुर्भ्याला आयकिया आहे, २०२० पासून. तिथे वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसून टेपनं मोजता येतं. बनवून घ्यायचं असेल तर उल्हासनगरचा फर्निचर बाजार लोकलनं जवळ आहे. जुनी कड्या-कुलपं, दिवे, आरसे यांसाठी मुंबईच्या चोर बाजारातली मटण स्ट्रीट, तीही भाव करायची तयारी ठेवून.

सुतारकाकांना फोटो द्या, पण प्रत्येक फोटोमागे कागदावर तीन ओळी हव्यात: माप, लाकूड किंवा प्लाय, आणि ते कशासाठी हवं आहे. सिंकखाली आणि बाथरूमजवळ आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन प्लाय घ्या. पाणी लागणार नाही अशा बाकीच्या जागी आयएस ३०३ चालतो. शिक्का प्लाय कापण्याआधी स्वतः पाहा, कारण लॅमिनेट चढल्यावर तो कुणालाच दिसत नाही. कामाच्या वेळा, डेब्रिस (राडारोडा) आणि लिफ्टचे सोसायटीचे नियम त्यांच्या हातात आधीच द्या.

आमची खिडकीतली बैठक शेवटी तिसऱ्या प्रवासानंतर झाली. तेव्हा जोधपूरच्या एका जुन्या घरात मी बसून, मांडी घालून, पाय सोडून, आडवं होऊन अशी चार प्रकारे मापं घेतली. उंची सतरा इंच, खोली बावीस, पाठीला थोडा तिरका लोड. खाली दोन खण ठेवले, एकात चादरी आणि दुसऱ्यात पावसाळ्यातली कपडे वाळवायची घडीची स्टँड. आई संध्याकाळी तिथेच भाजी निवडते.